पाचूबंदरचा हिरा

वसईला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण पहिला प्रश्न किल्ल्याचा विचारतो. किल्ला मी पाहिला. अगदी निवांत हिंडवून दाखवला मला. पण त्यातलं काहीही आठवत नाही. एक उंच तट होता, एक पडकं चर्च होतं आणि त्यांच्यामधल्या गवतात घामाघूम झालेला मी होतो. का, ते ओघात येईलच. ज्यांना किल्ल्याची माहिती हवी आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. माझा विषय ऑक्साइड, म्हणजे धातू आणि ऑक्सिजन यांची संयुगं. गंज हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण, पण ते दिलं की लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात, म्हणून मी देत नाही. आमचे ऑक्साइड जरा कुलीन आहेत. खाली स्ट्रॉन्शियम टायटनेट नावाचा स्फटिक, त्याच्यावर लँथनम अॅल्युमिनेटचा अतिशय पातळ थर. दोन्ही पक्के विद्युतरोधक, कशातूनही वीज जात नाही. पण जिथे हे दोघं एकमेकांना टेकतात त्या सीमेवर वीज वाहायला लागते. तीही नेहमी नाही. खालचा स्फटिक टायटॅनियमच्या अणूंच्या ओळीवर संपत असेल तर वाहते, स्ट्रॉन्शियमच्या ओळीवर संपत असेल तर नाही. अणूंची एक ओळ इकडची तिकडे, की सगळं बदललं. या एका ओळीवर माझं घर चालतं.

प्रिसिला माझी विद्यार्थिनी. मूळची वसईजवळच्या सांडोरची. तिचं आणि माझं या सीमेवरून भांडण होतं. माझं मत असं की आमची सीमा चाकूने कापल्यासारखी स्वच्छ आहे, टायटॅनियमच्या ओळीनंतर लगेच वरचा थर, आणि म्हणून वीज वाहते. मी याचं एक चित्र काढलंय, लाल-निळ्या गोळ्यांचं, आणि ते मी बरीच वर्षं सगळीकडे दाखवत आलोय. प्रिसिलाचं म्हणणं, "सर, सीमा तेवढी स्वच्छ नाहीये. वरचे लँथनमचे अणू खाली उतरलेत, त्यांनी स्ट्रॉन्शियमच्या जागा घेतल्यात. वीज त्यांच्यामुळे आहे." मी तिला हे कसं चूक आहे ते समजावत असे. समजावत असे म्हणजे तिचं ऐकत नसे.

शनिवार, सांडोर

भांडणाचा निकाल मुंबईतल्या एका संस्थेतला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लावणार होता. त्याखाली अणू एकेक करून दिसतात. आम्हाला वेळ मिळाली ती नेमकी प्रिसिलाच्या लग्नानंतरच्या बुधवारी. नमुना मंगळवारी द्यायचा, ते त्यातून काप काढणार, बुधवारी बघायचं. आमच्याकडे धड वीज वाहून नेणारा नमुना एकच होता आणि आमचं लेझर दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे दुसरा होण्याची आशा नव्हती. प्रिसिलाचा प्रबंध त्या एका तुकड्यावर अडला होता. तो मी स्वतः घेऊन येतो, असं मीच तिला सांगितलं. कुरिअरवर माझा विश्वास नव्हता. स्वतःवर होता.

आता ही डबीची गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. नमुना म्हणजे करंगळीच्या नखाएवढा चौकोनी, काचेसारखा पारदर्शक तुकडा. तो एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत मऊ जेलवर ठेवलेला असतो. निघायच्या सकाळी माझी बायको सुषमा लग्नाचा आहेर बांधत होती. मोत्यांची कानातली, छोटी डबी, सोनेरी कागद. तिच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून ती येणार नव्हती. कागद उरला होता. चांगला जाड कागद. माझ्या मनात आलं, आपल्या डबीलाही गुंडाळावा, धूळ नको बसायला. अशा रीतीने माझ्या बॅगेत दोन सोनेरी पुड्या झाल्या, एक उजव्या कप्प्यात आणि एक डाव्या. कुठली कुठे आहे ते माझ्या पक्कं लक्षात होतं.

प्रवासाचं सांगत नाही, सगळे तसेच येतात. सांडोरला उतरलो आणि पहिल्यांदा जाणवली ती सावली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून माणूस जाईल एवढी वाट, पाटाचं पाणी आणि त्या पाण्याचा गार वास. प्रिसिलाचे वडील पास्कोलकाका मला घ्यायला स्कूटर घेऊन आले होते. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांची स्वतःची वाडी आहे, केळी आणि भाजीची. घरात ते आपसात जी बोली बोलत होते तिच्यातलं मला चारातलं एक वाक्य कळत होतं, पण माझ्याकडे वळले की शाळेतल्यासारखी स्वच्छ मराठी.

"सर, तुमच्यासाठी वरची खोली ठेवलीय. डास नाहीत," ते म्हणाले.

डास होते. पण एवढ्या प्रेमाने सांगितल्यावर मी चावून घेतलं.

अंगणात मांडव पडला होता आणि एका बाजूला बायका पिठाचे गोळे उकळत्या तेलात सोडत होत्या. ते टुणकन फुगून वर येत. त्यांना फुगेच म्हणतात. मी ते खाल्ले, आणखी खाल्ले, आणि मग कळलं की ते जेवणाबरोबर मटणाच्या रश्शात बुडवून खायचे असतात, चहाबरोबर एवढे नाही. आमच्याकडे लग्नघरात पाहुण्याने जास्त खाल्लं तर बायका आपसात बोलतात. इथे त्या समोर येऊन आणखी वाढतात. संध्याकाळी लग्नाच्या रीतीप्रमाणे बँड लावून सगळे विहिरीवर पाणी आणायला गेले. मीही मागे नाचलो. बँडवाल्याने माझ्याकडे बघून ठेका बदलला, पण माझ्या पायांना तो सापडला नाही.

रविवार, सांडोर

चर्चमधली लग्नाची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सुंदर झाली. गाणी मराठीत होती, त्यामुळे मी दोन ठिकाणी गायलोही. प्रिसिला पांढऱ्या झग्यात होती आणि तिला इतकं शांत मी प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं. नवरा मुलगा नेल्सन गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पण घर पाचूबंदरचं, मासेमारीचं. घरची बोट आहे. पास्कोलकाकांनी मला आदल्या दिवशीच हलक्या आवाजात सांगितलं होतं की मुलाच्या आईच्या मनात जरा किंतु होता. वाडीवरची मुलगी, मासळीला हात लावायची सवय नाही, वय वाढलं तरी शिकतेच आहे.

"फिलूबाय मनाने चांगली आहे," काका म्हणाले. "पण तिला चार लोकांत खाली बघायला लागलेलं चालत नाही."

संध्याकाळच्या समारंभात नवरा-नवरीसाठी टोस्ट बोलायचा मान मला मिळाला. इथे ग्लास हातात घेऊन कुणीतरी वडीलधारा माणूस दोन शब्द बोलतो, मग सगळे पितात. दोन शब्द. माझ्याकडे कागद होता.

मी स्ट्रॉन्शियम टायटनेटपासून सुरुवात केली. प्रिसिला प्रयोगशाळेत स्फटिकांवर कसं अणूंचं बांधकाम करते ते सांगितलं. मग माझ्या मते जे भाषणाचं शिखर होतं त्यावर आलो. "दोन वेगळी घरं," मी म्हणालो, "आणि ती जिथे जुळतात तिथेच वीज वाहते!" हे वाक्य मी पुण्याहून निघतानाच तयार केलं होतं.

मागच्या टेबलावरून एक मामा ओरडले, "म्हंजे शॉक नेल्सनला!"

सगळा मांडव हसला. मी त्यांना विद्युतधारा आणि शॉक यांतला फरक समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात बँडमास्तरांनी कुणाची तरी खूण बघून ट्रम्पेट तोंडाला लावलं. मग मी स्टेजवर जाऊन आहेर दिला. कोट घालून उकडत होतं म्हणून मी तो दोनदा काढला होता आणि दोनदा घातला होता, आणि खिशातली पुडी बॅगेत, बॅगेतली खिशात असं काहीतरी झालं होतं. नेल्सनच्या आईने पुडी स्वतःच्या हातात घेतली, मला नमस्कार केला आणि बटव्यात टाकली. घट्ट अंबाडा, लाल पातळ, मोठं तोंड. फिलूबायची माझी ती पहिली भेट.

सोमवार, सांडोर ते पाचूबंदर

सकाळी उठून नमुना बघावा म्हणून पुडी सोडली. आत मोत्यांची कानातली.

मी ती बराच वेळ बघत बसलो. मग सुषमाला फोन लावला.

"नमुन्याने नमुना हरवला म्हणायचा," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, तिचं सगळं त्याच्यावर आहे ना? आधी जा आणि घेऊन या. आणि तिला सांगा."

सांगायचं माझ्या जिवावर आलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीला काय सांगणार, असं मी मनाला म्हणालो. खरं म्हणजे मला तिचा चेहरा बघायचा नव्हता. मी ठरवलं, पाचूबंदरला जायचं, गुपचूप डबी बदलायची आणि परत यायचं. पास्कोलकाकांना म्हणालो, "काका, जरा पाचूबंदरच्या बाजूला जाऊन यावं म्हणतो. समुद्र बघू."

"समुद्र काय बघता सर, आधी किल्ला बघा! वाटेवरच आहे."

नाही म्हणायला कारण सुचेना. खोटं बोलताना माणसाने पुढच्या वाक्याची तयारी ठेवावी. तर अशा रीतीने मी किल्ला पाहिला. काकांनी प्रत्येक बुरूज दाखवला. एका चर्चच्या पडक्या भिंतीपाशी ते भक्तिभावाने थांबले, आणि मी तिथे त्यांना विचारलं की लग्नाचे आहेर साधारण कधी उघडतात.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे बसून," काका म्हणाले. "आता उघडत असतील."

मी म्हणालो मला ऊन लागतंय.

पाचूबंदरला स्कूटर थांबली तेव्हा वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांवरून वारा येत होता. पुण्याच्या माणसाला तो वास अंगावर धावून येतो. मी रुमाल काढला आणि समोरच्या दारातून फिलूबाय बघतायत हे दिसल्यावर त्याने कपाळ पुसलं. "आलं कोन बगा! डॉक्टर आले!" त्या आत बघून ओरडल्या. मी पीएच.डी.वाला डॉक्टर आहे हे मी लग्नात दोनदा सांगितलं होतं. "या, बसा. माजा गुडगा तुमाला दाकवायचाच हाय."

काका बाहेरच ओळखीच्यांशी बोलत थांबले. घरात शेजारच्या बायका भरल्या होत्या. नेल्सन आणि प्रिसिला आहेर उघडायच्या आधीच मावशीकडे पाया पडायला गेलेले. बायका कशाला जमल्यात ते लगेच कळलं. भिंतीवरच्या आल्तारात, येशू आणि मरियाबायच्या मूर्तींसमोर, मेणबत्तीच्या शेजारी माझी प्लास्टिकची डबी उघडी ठेवली होती. एकेक बाई पुढे येऊन वाकून बघत होती.

"सरांनी दिलाय. लॅबमदला हिरा," फिलूबाय सगळ्यांना सांगत होत्या. "आता असेच निगतात. लॅबमदी बनवतात. आनि हे तर सोताच बनवतात, काल बोलले ना माइकवर."

मी माइकवर काय बोललो होतो ते आठवलं. स्फटिक. प्रयोगशाळा. अणूंचं बांधकाम. माझं भाषण फक्त एका माणसाने लक्ष देऊन ऐकलं होतं, आणि ते या बाईंनी.

यात आणखी एक गंमत अशी की स्ट्रॉन्शियम टायटनेट एके काळी खरोखरच हिऱ्याची नक्कल म्हणून विकलं जायचं. ही माहिती मी माझ्या पहिल्या लेक्चरला सांगतो, मुलं हसतात. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

एक म्हातारी म्हणाली, "फिलू, तू उगाच घाबरत होतीस. पोरीला मान हाय बाहेर. असा मास्तर कोन देतो हिरा?"

"तेच तर," फिलूबाय म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. मला चहा दिला, मग पापलेटची तळलेली तुकडी दिली. बायका जायची वाट बघत मी पापलेट खात बसलो. एक काटा घशात अडकला. फिलूबायनी पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की काटा खाली गेला आणि चष्मा पडला.

"आल्तारावर ठेवण्याआधी सच्छ केला हां," त्या म्हणाल्या. "मासळीचा हात लागलेला. साबन लावून घासनीनं घासला. आनि आता दुपारी सोनाराकडं नेते. पेंडंट करते सुनेला. मदी भोक पाडून."

मी उभाच राहिलो. "फिलूबाय, जरा आत येता? बोलायचंय."

त्या स्वयंपाकघरात आल्या आणि गुडघा दाखवायला स्टूलवर बसल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. पुड्या बदलल्या, आहेर हा आहे, ते दुसरंच आहे. कानातल्यांची डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही.

"मग तो हिरा नाय?"

"नाही."

"काच हाय?"

"काचही नाही."

"मग काय हाय?"

गेली कित्येक वर्षं मी हेच शिकवतो. तोंड उघडलं आणि "तो एक पेरोव्हस्काइट" एवढं बाहेर आलं. मी पुन्हा बंद केलं.

त्या बाहेरच्या खोलीकडे बघत होत्या. तिकडे कुणीतरी हसत होतं. "मी सगल्या बंदराला सांगितलं," त्या हळू म्हणाल्या. "सकालपासून बोलावून बोलावून दाकवतेय. दीर म्हनाला होता वाडीवरची पोर कशाला करतेस, काय घेऊन येनार ती. त्याला पयला बोलावला." मग माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता मी काय सांगू त्यांना, तुमी सांगा."

माझ्या एका कागदाच्या तुकड्याने या बाईंना सकाळभर आनंद दिला होता आणि आता मीच तो काढून घेत होतो. मनात आलं, राहू दे, म्हणावं हिराच आहे. पुण्याला जाऊन कुठूनतरी खरा आणू. पण दुपारी त्याला भोक पडणार होतं.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. प्रिसिला आणि नेल्सन आले होते. आम्ही बाहेर गेलो तर प्रिसिला आल्तारासमोर उभी. नव्या साडीत, हातात हिरव्या बांगड्या. तिने डबी बघितली, मग मला.

"सर, तुम्ही हा गिफ्टपेपरमध्ये गुंडाळला?"

मी हो म्हणालो. आमच्या संस्थेत शिस्तीचा विषय निघाला की माझंच उदाहरण देतात असा माझा समज आहे.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"आज सांगणारच होतो."

तिने तुकडा कडेने चिमट्यासारख्या दोन नखांत धरला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. फिलूबाय दारात थांबल्या होत्या. "मी घासला तो," त्या म्हणाल्या. "घासनीनं."

नेल्सन आईकडे बघत होता. मला वाटलं आता हे घर पहिल्याच दिवशी मोडतंय आणि निमित्त मी.

प्रिसिला सासूकडे वळली. तिचे डोळे भरले होते पण आवाज साधा होता. "मम्मी, इकडे या. हे बघा. या बाजूला ओरखडे आहेत, या बाजूला कमी. हा मी केलाय."

"तू? सर करतात ना?"

"सर ऑफिसात बसतात. खालचा तुकडा विकत मिळतो. त्याच्यावर मी थर लावलाय, लेझरने. एक वर्ष बिघडत होता. मग हा एक जमला."

फिलूबायनी डोळे बारीक केले. "थर कुटं हाय?"

"दिसत नाही. फार पातळ आहे."

"दिसत नाय तर लावलास कशाला?"

"त्याच्याखाली वीज वाहते. कशी वाहते ते अजून कुणाला नीट माहीत नाही. सर म्हणतात एक, मी म्हणते दुसरं. परवा मुंबईला मोठ्या मशीनमध्ये बघणार होतो."

"आता नाय बगता येनार?"

"माहीत नाही, मम्मी."

मी मधे पडलो आणि सांगितलं की ओरखड्यांच्या मधली जागा शाबूत असू शकते, मायक्रोस्कोपला केसापेक्षा बारीक काप पुरतो. हे खरं होतं, पण मी इतक्या घाईने म्हणालो की कुणालाच पटलं नाही.

फिलूबायनी पदर खोचला आणि शेजारणींकडे तोंड केलं. "ऐका गो. हिरा नाय. सरांचा घोटाला झाला. ह्यो माज्या सुनेनं केलेला दगड हाय. तपासाला मुंबईला न्यायचाय. तुमी सगल्यांनी हात लावलाय, आता बिघडला नसंल अशी प्रार्थना करा."

"दगड?" म्हातारी म्हणाली.

"दगड. पन तिनं केलेला. तुज्या सुनेनं काय केलान दाकव."

बायका हसत, कुजबुजत गेल्या. नेल्सनने मला पाणी दिलं. फिलूबायनी कानातल्यांची डबी उघडली, मोती उजेडात धरले आणि सुनेच्या कानाला लावून बघितले. "हे घालता तरी येतं," त्या म्हणाल्या. आणि मग, "बुधवारी मी पन येते. माज्या हातून बिघडलं असंल तर मला कलाया पायजे."

मी सांगितलं की बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत.

"मी बाहेरची?"

प्रिसिलाने तिथूनच फोन करून परवानगी घेतली.

बुधवार, मुंबई

मंगळवारी नमुना पोचवला. या वेळी प्रिसिलाने स्वतः नेला आणि मला डबीला हातही लावू दिला नाही.

बुधवारी मायक्रोस्कोपच्या इमारतीत फिलूबाय चप्पल काढून शिरल्या. दुसऱ्या चपला देतात असं सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. खोलीत बर्फासारखी थंडी असते, आवाज चालत नाही, मशीन दाराच्या धक्क्यानेही थरथरतं. मशीन चालवणारे गृहस्थ अबोल होते. त्यांनी फिलूबायना कोपऱ्यात खुर्ची दिली आणि मला, मी कुठेही हात लावेन की काय अशा नजरेने बघून, त्याहून लांबची दिली. हे कुणी सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

पडद्यावर आधी नुसता करडा धूसर पट्टा आला. काप ओरखड्यांपासून दूरच्या कोपऱ्यातून काढला होता, पण तिथलं तरी वाचलं होतं का ते कळत नव्हतं. प्रिसिलाने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. गृहस्थ बटण हळूहळू फिरवत होते. धूसरपणा निवळत गेला, आणि ठिपके आले.

मी हे पूर्वीही पाहिलंय, दर वेळी मला गप्प व्हायला होतं. अंधारात ठिपक्यांच्या ओळी, एकीखाली एक, एका मापाच्या. प्रत्येक ठिपका म्हणजे अणूंचा एकेक रकाना. जड अणू जास्त उजळ दिसतात. वरच्या थरातला लँथनम सगळ्यात उजळ, खालच्या स्फटिकातला स्ट्रॉन्शियम त्यापेक्षा मंद, टायटॅनियम आणखी मंद.

"बिगडवला का मी?" फिलूबायनी कुजबुजून विचारलं.

"नाही मम्मी," प्रिसिला म्हणाली. "बघा ना. सगळं जागच्या जागी आहे." ती हसत होती आणि रडत होती. फिलूबायनी छातीवर क्रूस केला आणि पदराने सुनेचे डोळे पुसले.

मग प्रिसिलाने पडद्यावर बोट ठेवलं. "सर."

मी आधीच बघितलं होतं. माझ्या चित्रात सीमेवर उजळ ओळ संपते आणि खाली लगेच मंद ओळी सुरू होतात. इथे तसं नव्हतं. उजळपणा एकदम संपत नव्हता. सीमेखालच्या पहिल्या ओळीत तो शिल्लक होता, दुसरीत थोडा कमी, तिसरीत जेमतेम. लँथनम खाली उतरला होता, ती म्हणत होती तसाच.

मी घसा साफ केला. म्हणालो, एका चित्रावरून वीज कशामुळे वाहते ते सिद्ध होत नाही. काप तिरका असू शकतो. दुसऱ्या जागा बघायला हव्यात. गृहस्थांनी न बोलता दुसरी जागा लावली. तिथेही तेच. तिसरीकडेही. काप अजिबात तिरका नव्हता. वीज कशामुळे वाहते ते अजूनही शोधायचं होतंच, पण माझी चाकूने कापलेली सीमा संपली होती.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. हे तीन शब्द बाहेर यायला जरा वेळ लागला.

प्रिसिलाने मान डोलावली, जिंकल्यासारखं काही केलं नाही, आणि वहीत मापं उतरवायला लागली. मी पाय लांब करून बसलो. डोक्यात नुसते लाल-निळे गोळे फिरत होते, आणि ज्या ज्या सभागृहांत मी ते दाखवले तिथले पहिल्या रांगेतले चेहरे.

फिलूबाय बराच वेळ माझ्याकडे बघत असाव्यात. त्यांनी सुनेला विचारलं, "सरांना काय झालं?"

"सरांचं म्हणणं चुकलं, मम्मी."

"केवडं चुकलं?"

प्रिसिलाने पडद्यावर दाखवलं. इथपासून इथपर्यंत, या तीन ओळी.

फिलूबाय खुर्चीतून उठल्या, पडद्याच्या जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि नाक टेकेल इतक्या वाकून त्या तीन ओळी बघितल्या. मग सरळ झाल्या.

"एवडंच?"

"एवढंच," प्रिसिला म्हणाली.

फिलूबायनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मशीनवाल्या गृहस्थांनी नको नको अशी खूण केली तिकडे लक्ष न देता झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

"पानी पिया सर," त्या म्हणाल्या. "पिया. जाऊ द्या."

मी बाटली घेतली आणि पाणी प्यालो.